पॅलिन्यूरस : मुंबईच्या आरमाराचे एक मोजणी-जहाज

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आज मी आपणांसमोर एका जहाजाची हकीकत सांगणार आहे. हे जहाज कोणत्याही लढाईत गाजलेले नाही. त्यावर तोफा होत्या, पण त्याचे खरे हत्यार म्हणजे दोरीला बांधलेला एक शिशाचा तुकडा. त्याचे नाव ‘पॅलिन्यूरस’. दोन डोलकाठ्यांचे, शिडाचे, आकाराने लहानसे असे हे जहाज मुंबईच्या आरमारात होते, आणि १८२९ सालापासून पुढे आठ-नऊ वर्षे त्याने तांबडा समुद्र, अकाबाचे आखात आणि अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजून काढला. ज्या आखाताला आपण आज एलातचे आखात म्हणतो, त्याचा आधुनिक पद्धतीने काढलेला पहिला तपशीलवार सागरी नकाशा हा मुंबईहून निघालेल्या या जहाजाच्या श्रमाचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांची वाटचाल मुंबईहून या देशाकडे झाली. म्हणून हा विषय मला आपल्या व्यासपीठावर मांडण्याजोगा वाटला. दुसरेही एक कारण आहे, ते ओघात येईल.

प्रथम नावाविषयी एक शब्द. पॅलिन्यूरस हा रोमन महाकवी व्हर्जिलच्या काव्यातील सुकाणूवाला. सुकाणूवर असतानाच त्याला झोप लागते आणि तो समुद्रात पडून नाहीसा होतो. खडकांनी भरलेल्या समुद्रात पाठवावयाच्या जहाजाला असे नाव देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीचे मला कौतुक वाटते. आपल्या कोकणातल्या एखाद्या तांडेलाने असे नाव ऐकून जहाजावर पाऊलही ठेवले नसते.

हा समुद्र मोजण्याची गरज का पडली? त्या काळी विलायतेचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून येत असे आणि त्याला चार ते सहा महिने लागत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या मनात असे होते की, मुंबईहून सुवेझपर्यंत आगबोट न्यावी, तेथून टपाल उंटांवरून भूमध्य समुद्राकडे पोचवावे आणि पुढे पुन्हा बोटीने न्यावे. यासाठी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोचली. या प्रवासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोटीत साडेपाच दिवसांचा कोळसा मावावा अशी तिची रचना होती. प्रत्यक्षात जागा मिळेल तेथे कोळसा कोंबून ती अकरा दिवस चालवली, आणि एडनला ती लागली तेव्हा केवळ सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. हे सहा तास पुढे एडनच्या आणि थोडेसे आपल्याही इतिहासात महत्त्वाचे ठरले.

शिडाच्या जहाजाला तांबडा समुद्र कधीच मानवला नाही. त्याच्या उत्तर भागात जवळजवळ बाराही महिने वायव्येचा वारा वाहतो. म्हणजे सुवेझकडे जाणाऱ्याच्या तो सतत तोंडावर. दोन्ही किनाऱ्यांना पोवळ्यांच्या खडकांच्या रांगा. काही पाण्याच्या वर, काही हातभर खाली. अरब नाखवे या खडकांच्या आतून, किनारा धरून, दिवसाउजेडी जात आणि सूर्य कलला की नांगर टाकीत. त्यांची विद्या मोठी होती, पण ती त्यांच्या डोळ्यांत होती, कागदावर नव्हती. आणि वाफेच्या बोटीला रात्री नांगर टाकून बसणे परवडण्यासारखे नव्हते. तिला मधल्या खोल पाण्यातून रात्रंदिवस धावावयाचे होते. मधले पाणी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सांगणारा विश्वासार्ह नकाशा तेव्हा नव्हता.

तो करण्यासाठी दोन जहाजे नेमण्यात आली. उत्तरेकडील भाग, म्हणजे सुवेझपासून जिद्दापर्यंत, कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी याच्या हाताखाली ‘पॅलिन्यूरस’ने करावयाचा; दक्षिणेकडील भाग कमांडर थॉमस एल्वन याने ‘बनारेस’ या जहाजातून. काम सुरू झाले तेव्हा या आरमाराला ‘बॉम्बे मरीन’ म्हणत. १ मे १८३० पासून त्याचे नाव ‘इंडियन नेव्ही’ असे झाले. पुढे एल्वनची बदली झाली आणि उरलेले कामही मोर्सबीनेच पुरे केले.

समुद्र कसा मोजतात हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे मला त्याचा उपयोग करावयाचा आहे. मी अश्दोदच्या बंदरात पुष्कळ वर्षे नोकरी केली. जहाजांवर मांडलेले सागरी नकाशे पाहण्याचा छंद मला तेथेच लागला. जमिनीचा नकाशा पाहणाऱ्याला सागरी नकाशा प्रथम उलटा वाटतो. किनाऱ्यावरची गावे, डोंगर, रस्ते यांना तेथे फारशी किंमत नाही. सगळी गर्दी पाण्यावर, आणि ती गर्दी आकड्यांची. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिकाणची खोली. आज हे काम ध्वनिलहरींनी क्षणात होते. पॅलिन्यूरसच्या काळी त्यातला प्रत्येक आकडा माणसाच्या हाताने काढलेला असे.

त्याची रीत अशी. प्रथम किनाऱ्यावर दोन ठिकाणे निवडून त्यांच्यामधील अंतर निश्चित करावयाचे. सपाट जमीन मिळाली तर साखळीने; नाही मिळाली तर तोफेने. एका टोकाला तोफ उडवायची. दुसऱ्या टोकाच्या माणसाने ठिणगी दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा आणि आवाजाच्या वेगावरून अंतर काढावयाचे. या एका रेषेवर त्रिकोण उभे करीत डोंगराची शिखरे, एकटे खडक, किनाऱ्यावर रोवलेली निशाणे यांची स्थाने कागदावर बांधून घ्यावयाची. मग मचवे पाण्यात सोडावयाचे. मचव्यातील अधिकारी सेक्स्टंट आडवा धरून किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधील कोन घेई. त्यावरून मचवा नेमका कोठे आहे ते ठरे. त्याच क्षणी पुढे उभा असलेला खलाशी शिशाचा गोळा पाण्यात सोडी आणि दोरीवरच्या खुणा पाहून खोली ओरडून सांगे. माप वावांत, आपला कोकणातला वाव तोच, दोन हात पसरून होणारा, सुमारे सहा फुटांचा. शिशाच्या बुडाला एक खळगी असे व तीत चरबी भरलेली असे. वर काढल्यावर त्या चरबीला वाळू चिकटली आहे, चिखल आहे की पोवळ्याचा चुरा, हे पाहून तेही लिहून ठेवावयाचे. तळ कसा आहे हे कळल्याखेरीज नांगर धरील की नाही हे कळत नाही. रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे आणि क्रोनोमीटरच्या साहाय्याने रेखांश.

ही क्रिया एकदा-दोनदा नव्हे, हजारो वेळा. आणि ती अशा किनाऱ्यावर, की जेथे पिण्याचे पाणी पंधरा-पंधरा कोसांवर, उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही, आणि किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांचे स्वागत कसे होईल याचा भरवसा नाही. जहाजे कितीदा तरी खडकांवर चढली आणि मोठ्या प्रयासाने उतरवावी लागली. नकाशाच्या शीर्षकात मोर्सबी आणि एल्वन यांची नावे आहेत. शिसे टाकणाऱ्या खलाशांची नावे कोठेही नाहीत. मुंबई आरमारातील जहाजांवर कोकण किनाऱ्यावरच्या खलाशांची संख्या मोठी असे. म्हणून माझ्या मनात त्या नकाशाचे आकडे मराठीत आणि कोकणीत पुकारले जातात. या कल्पनेबद्दल आपण मला क्षमा करावी.

आता ज्या एका खुणेसाठी मी हे सारे सांगितले ती सांगतो. कधी कधी दोरी संपते, पण तळ लागत नाही. अशा वेळी जुने मोजणीदार काय करीत? ते अंदाजाने आकडा लिहीत नसत, आणि जागा कोरीही सोडीत नसत. जेवढी दोरी सोडली तेवढा आकडा लिहून त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ आणि रेघेवर एक टिंब देत. याचा अर्थ, येथे एवढ्या खोलीपर्यंत आम्ही पाहिले, तळ लागला नाही. माझ्या मते ही मनुष्याने शोधून काढलेल्या अत्यंत प्रामाणिक खुणांपैकी एक आहे.

एलातच्या आखातात या खुणेचा उपयोग वारंवार पडावा अशीच निसर्गाची रचना आहे. हे आखात म्हणजे जमिनीला पडलेली चीर. मृत समुद्र आणि यार्देनचे खोरे ज्या भेगेत आहेत त्याच भेगेचा हा पाण्याने भरलेला भाग. लांबी सुमारे १८० किलोमीटर, रुंदी अधिकात अधिक पंचवीसच्या आसपास, आणि खोली काही ठिकाणी १,८०० मीटरांहून अधिक. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की दोनशे वाव दोरी, म्हणजे साडेतीनशे मीटरांहून जास्त, सोडली तरी शिसे लोंबकळतच राहणार. नांगर टाकावयाचा तर कोठे? त्यात वारा उत्तरेचा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून तो नळीतून फुंकल्यासारखा येतो आणि वर्षाचा बहुतेक काळ थांबत नाही. शिडाच्या जहाजाने तिरानच्या सामुद्रधुनीतून आत शिरून आखाताच्या माथ्यापर्यंत जाणे म्हणजे वाऱ्याशी पावलापावलाला झगडणे. पॅलिन्यूरसवरील दुय्यम लेफ्टनंट जेम्स रेमंड वेलस्टेड याने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अरबस्तानच्या प्रवासवर्णनाचा दुसरा खंड पुष्कळसा या आखाताच्या मोजणीला दिला आहे.

आपण तानाखचे वाचक आहोत. आपणांस हे ऐकून राजांच्या पुस्तकातील दोन जागा आठवतील. शलमोन राजाने एलोथजवळ एस्योन-गेबेर येथे जहाजांचा काफिला बांधला आणि त्याची माणसे हिरामच्या खलाशांसह ओफीरला जाऊन सोने घेऊन आली. पुढे यहोशाफाट राजाने तसाच काफिला बांधला, पण तो ओफीरला गेलाच नाही. एस्योन-गेबेर येथेच ती जहाजे फुटली. कारण म्हणून दुसऱ्या इतिहासात राजाचे दुष्ट राजाशी केलेले सख्य सांगितले आहे, ते आपल्या जागी आहे. पण शलमोनाबरोबर समुद्र जाणणारी हिरामची माणसे होती, हेही शास्त्रानेच नोंदवले आहे. त्या आखाताचा वारा आणि खडक पाहिले, की या दोन ओळींतला फरक वाचताना माझे लक्ष तिकडे जाते.

पॅलिन्यूरसने जेथे रेघ आणि टिंब दिले, तेथे पुढच्या पिढ्यांची दोरी पोचली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराने ‘पोला’ हे जहाज १८९५ ते १८९८ या काळात तांबड्या समुद्रात पाठवले आणि त्याने अकाबाच्या आखातातही खोली, उष्णता, क्षार व जीवजंतू यांचा अभ्यास केला. वाट शोधणाऱ्या जलमापनाकडून पाण्याचाच अभ्यास करणाऱ्या सागरशास्त्राकडे झालेले हे स्थित्यंतर. महासागरांच्या तळाशी पाणी बर्फाच्या जवळपास थंड असते, पण तांबड्या समुद्राच्या तळाशी ते २१ अंशांच्या वर असते. कारण बाब-एल-मंडेबकडे तळाला उंबरठ्यासारखा उंचवटा आहे, तेथे पाणी जेमतेम १३७ मीटर खोल आहे, आणि हिंदी महासागराचे थंड पाणी तो ओलांडून आत येऊ शकत नाही. १९६० नंतरच्या दशकात तर या समुद्राच्या मध्यभागी दोन हजार मीटर खाली ५६ अंश उष्णतेच्या, अत्यंत खारट पाण्याचे साठे सापडले. मोर्सबीला यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याचे काम आगबोटींना वाट काढून देण्याचे होते, आणि ते इतके चोख झाले की त्याच्या नकाशांवर व १८४१ साली छापलेल्या मार्गदर्शिकेवर नाविकांच्या कित्येक पिढ्या विसंबून राहिल्या. ज्या तिरानच्या सामुद्रधुनीमुळे १९५६ आणि १९६७ साली या देशाला युद्धाला सामोरे जावे लागले, ती या मोजणीतलीच.

आता मी दुसऱ्या कारणाकडे येतो.

१८३३ च्या अखेरीस पॅलिन्यूरस कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स याच्या ताब्यात देण्यात आले आणि त्याला अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी सांगण्यात आली. वेलस्टेड याही वेळी जहाजावर होता. प्रथम सोकोत्रा बेट पाहिले. कोळसा साठवण्यास ते योग्य आहे का, हा प्रश्न होता. मग मे १८३४ मध्ये हाद्रामौतच्या किनाऱ्यावर, आजच्या बीर अली या गावाजवळ, एका काळ्या उभट डोंगराच्या पायथ्याशी जहाजाने नांगर टाकला. डोंगराचे नाव हुस्न अल-घुराब, म्हणजे कावळ्याचा किल्ला. धूपाच्या व्यापाराचे प्राचीन काना बंदर ते हेच. किनाऱ्याची रेषा काढताना वर पडके बुरूज दिसले, म्हणून वेलस्टेड व त्याचे सोबती वर चढले. आणि वाटेत सपाट केलेल्या खडकावर त्यांना दहा ओळींचा कोरीव लेख आढळला. अक्षरे ठसठशीत, पण ना अरबी, ना हिब्रू. त्यांनी तो काळजीपूर्वक उतरून घेतला. त्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. शिसे टाकून जे लागले ते लिहून ठेवावयाचे, ही सवयच त्यांच्या हाताला होती.

१८३६ साली त्याच जहाजावरचे क्रटेंडन आणि डॉक्टर हल्टन हे दोघे मोखाहून सनापर्यंत गेले आणि त्यांनीही तशाच अक्षरांतील लेख उतरवून आणले. हल्टन बिचारा त्या प्रवासानंतर लवकरच वारला. या साऱ्या प्रती युरोपात पोचल्या आणि जर्मनीतील हाले येथे दोन विद्वानांच्या हाती आल्या. एक एमिल रोडिगर. दुसरे विल्हेल्म गेसेनियस, हिब्रू व्याकरण आणि कोश यांमुळे ज्यांचे नाव आजही हिब्रूच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. १८४१ च्या सुमारास या दोघांनी दक्षिण अरबस्तानची ती लिपी पुष्कळशी उलगडली. येथे आणखी एक योगायोग सांगावासा वाटतो. पॅलिन्यूरस तांबड्या समुद्रात होते तेव्हाच, १८३२ साली, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी आपल्या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू मिशनऱ्याचा होता हे आपण जाणतो. व्याकरण मात्र आपल्या पूर्वजांनी घेतले आणि हेतू त्यांच्याकडेच राहू दिला.

हुस्न अल-घुराबच्या लेखात आहे तरी काय? सुम्याफा अश्वा नावाचा सरदार व त्याचे मुलगे सांगतात की त्यांनी हा किल्ला, त्याच्या भिंती, दरवाजे, पाण्याची टाकी आणि वर चढण्याची वाट दुरुस्त केली. हबशी सैन्याने हिम्यारच्या भूमीवर चाल करून हिम्यारच्या राजाला व त्याच्या सरदारांना ठार मारले, त्या वेळी. लेखावर हिम्यारी शकाचे ६४० वर्ष आहे. अभ्यासक ते इसवी सन ५२५ किंवा ५३१ असे धरतात. त्या ओळीतील दोन शब्द आपल्यातल्या शाळकरी मुलालाही कळतील. ‘ठार मारले’ यासाठी तेथे ह-र-ग ही अक्षरे आहेत, आपले ‘हारग’; आणि राजासाठी म-ल-क, आपले ‘मेलेख’.

हा मारला गेलेला राजा कोण? लेखात त्याचे नाव नाही, पण इतर लेखांवरून व वृत्तांतांवरून तो युसुफ असार याथार असल्याचे विद्वान मानतात. अरबी परंपरेत त्याला धू नुवास म्हणतात. तो यहुदी धर्माचा होता. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिम्यारच्या राजांनी मूर्तिपूजा सोडली होती. त्यांच्या लेखांतून ‘रहमानान’, म्हणजे दयाळू, अशा नावाने एकाच परमेश्वराचे स्मरण केलेले आढळते. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, हिम्यारमधील यहुद्यांना या देशात आणून पुरल्याचा पुरावा हैफाजवळच्या बेत शेआरिम येथील गुहांत ग्रीक अक्षरांत आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलांबरोबर त्या गुहा पाहिल्या असतील.

या राजाबद्दल अभिमानाने बोलणाऱ्यांना मला एक आठवण द्यावी लागते. ५२३ साली नजरान येथील ख्रिस्ती लोकांची त्याने कत्तल केली, आणि हबशी स्वारीला तेच निमित्त झाले. राज्य आपल्या धर्माचे होते म्हणून हे पान गाळून वाचता येणार नाही.

आता, हा लेख आपल्या समाजात कधी कधी ज्या रीतीने सांगितला जातो, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. बेने इस्राएलांचे पूर्वज कोठून आले, या प्रश्नाला अनेक उत्तरे दिली गेली आहेत. गालील, बाबेल, इराण आणि येमेन. येमेनच्या बाजूने बोलणारे म्हणतात, हिम्यारचे यहुदी राज्य बुडाले, लोक जहाजांत बसून निघाले, आणि चौलजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. हा पाहा खडकावरचा पुरावा! व्यापाराचे जाळे खरे आहे. तांबड्या समुद्रातून कोकणच्या बंदरांकडे जहाजे प्राचीन काळापासून येत होती. परंतु या लेखात एक किल्ला, एक सरदार आणि एक मारलेला राजा आहे. पळालेले लोक नाहीत, जहाज नाही, कोकण नाही. येथे दोरी जेवढी पोचते तेवढा आकडा लिहावा आणि वर रेघ व टिंब द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे न करणाऱ्याची काय गत होते याचे उदाहरण याच लेखाच्या बाबतीत घडलेले आहे. १८४४ साली चार्ल्स फॉर्स्टर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने जाहीर केले की हा लेख आपण वाचला; तो कुराणात उल्लेखिलेल्या, नष्ट झालेल्या आद जमातीचे हजारो वर्षांपूर्वीचे काव्य आहे. एका जुन्या अरबी ग्रंथातील कविता घेऊन त्याने ती खडकावरील अक्षरांवर बसवली होती. त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि लिपीचे ज्ञान वाढताच सारे कोसळले. हरवलेल्या जमाती शोधणाऱ्यांनी आपल्या समाजावरही अशाच कविता बसवलेल्या आहेत.

मी हे केवळ विद्वत्तेच्या हौसेने म्हणत नाही. १९६२ ते १९६४ या काळात, विवाहाच्या प्रश्नावरून, आपल्या वडीलधाऱ्यांना या देशात आपल्या वंशाचा पुरावा मागितला गेला आणि त्यांनी त्याविरुद्ध झगडा केला, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना मी सांगावयास नको. त्या वेळी अनेकांना वाटले की कोठून तरी एखादा शिलालेख, एखादा ताम्रपट पुढे करता आला असता तर! पण तो झगडा दगडावर लिहिलेल्या ओळीने जिंकला नाही. शाब्बाथ पाळणारे, सुंता करणारे, ‘शेमा’ म्हणणारे लोक कोकणातल्या गावांतून शतकानुशतके राहत होते, शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत होते, आणि हे सारे प्रत्यक्ष, मोजता येण्यासारखे होते. त्याच्या खाली किती पाणी आहे हा प्रश्न अभ्यासाचा आहे; त्यावर कोणाचे लग्न अडू नये.

पॅलिन्यूरसची उरलेली हकीकत थोडक्यात सांगतो. ती तितकीशी निर्मळ नाही. हेन्सने दक्षिण किनारा मोजताना एडनचे बंदर इतके बारकाईने पाहिले की त्या बंदराचे मोल त्याच्याइतके कोणालाच उमगले नाही. ह्यू लिंडसेचा तो सहा तासांचा कोळसा आठवा; मुंबई आणि सुवेझ यांच्या मध्ये कोळशाचे ठाणे हवे होते. १८३७ साली ‘दरिया दौलत’ नावाचे एक जहाज एडनजवळ लुटले गेले, तेवढे निमित्त पुरले. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून पाठवलेल्या फौजेने एडन घेतले. त्या फौजेत मुंबईची २४ वी नेटिव्ह पलटण होती. समुद्र मोजणारे जहाज पुढे आणि तोफांची जहाजे मागे, हा त्या शतकाचा क्रमच होता.

एडन पुढे जवळजवळ शंभर वर्षे मुंबई इलाख्याशी जोडलेले राहिले. तेथे एक जुनी, गरीब यहुदी वस्ती होती; ती बंदराबरोबर वाढली. मुंबईच्या पलटणींबरोबर आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्यांत आपली कुटुंबेही तेथे गेली. आपल्यापैकी कोणाच्या घरी पणजोबांच्या ‘एडनच्या’ गोष्टी चालत आल्या असतील तर त्यांनी त्या लिहून काढाव्यात, ही माझी विनंती. आणि १९४९-५० साली येमेनमधील सुमारे एकोणपन्नास हजार यहुदी पायी, गाढवांवरून, मिळेल त्या वाहनाने ज्या ठिकाणी जमले व तेथून विमानांनी या देशात आले, ते ठिकाणही एडनच. शेजारच्या मोशावात राहणाऱ्या आपल्या येमेनी व्याह्यांना विचारा. हिम्यारच्या त्या ओळीवर पहिला हक्क कोणाचा असेल तर तो त्यांचा.

ज्या माणसांनी हे काम केले त्यांचे पुढे फारसे भले झाले नाही. वेलस्टेड ओमानच्या अंतर्भागात प्रवास करून आला. १८३७ साली मस्कतला तापाच्या भ्रमात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला, पण पूर्ववत झाला नाही, आणि १८४२ साली वारला, वय सदतीस. हेन्स एडनचा पहिला पोलिटिकल एजंट झाला आणि पंधरा वर्षे त्याने ते बंदर उभे केले. मग खजिन्याच्या हिशेबात अठ्ठावीस हजार पौंडांच्या आसपास तूट निघाली. त्याला मुंबईला आणून दोनदा खटला चालवला. दोन्ही वेळा पंचांनी त्याला निर्दोष ठरवले. तरीही ती रक्कम कर्ज धरून त्याला मुंबईच्या तुरुंगात डांबले, ते जवळजवळ सहा वर्षे. १८६० साली सुटका झाली. विलायतेला जाण्यासाठी तो जहाजावर चढला आणि जहाज मुंबईच्या बंदरातच असताना १६ जून रोजी त्याने प्राण सोडला. त्याला मुंबईतच पुरले.

व्याख्यानापूर्वी एका तरुण मित्राने मला विचारले की तो शिलालेख कोणत्या संग्रहालयात आहे. तो कोठेही हलवलेला नाही. बीर अलीजवळ, डोंगरावर चढणाऱ्या वाटेशेजारी, त्याच खडकावर आहे. आपल्या इस्रायली पारपत्रावर तेथे जाता येत नाही. ज्यांना अक्षरे पाहावयाची असतील त्यांनी वेलस्टेडच्या ग्रंथाचा दुसरा खंड काढावा. पॅलिन्यूरसवरून उतरून घेतलेली प्रत त्यात छापली आहे. ‘मेलेख’ शोधताना एवढे लक्षात ठेवावे की ती लिपीही आपल्याप्रमाणेच उजवीकडून डावीकडे जाते.